फणसाखालच्या दगडावरची लाल चिठी

वेंगुर्ले, ५ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास किशोरीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

माझी कॅनडातली नर्सची नोकरी फ्रेंचच्या परीक्षेवर अडलीय. त्या भाषेत प्रत्येक वस्तू एक तर बाप्या, नाहीतर बाई. डोक्यात काही केल्या बसेना, म्हणून घरभर चिठ्या डकवल्यात: बाप्याला निळी, बाईला लाल. घर बाई, दार बाई, सुरी मात्र बाप्या! आई म्हणते, खुळावलंस. फणसाखालच्या दगडालाही लाल लावली, कारण त्यांच्यात दगड बाई.

रोज दिवेलागणीला अंगणात कुणाची तरी काठी वाजायची, ती तेव्हापासून बंद झालीय. कुत्री दगडाकडे बघून विव्हळतात. फोनवर हे बोलायला धीर होईना.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी किशोरी


इन्सुली, ९ ऑगस्ट

चि. किशोरीस आशीर्वाद.

गो खुळ्या चेडवा, तो नुसतो दगड न्हय, आपलो राखणो! काठी आपटीत वाडीच्या शिवेर फिरता म्हणान दरवर्षी त्याका चामड्याच्या व्हाणा ठेवतो, त्या झिजतत. आणि तू त्याका बाई केलंस? आधी चिठी काढ. मग नारळ ठेवन गाऱ्हाणा घाल: म्हाराजा, चुकी झाली, मी परमुलखात जातंय, पाठीर ऱ्हव. आणि अभ्यास सोडू नको हां.

तुझी आत्या


मॉन्ट्रिअल, १२ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

पास होऊन इथे आले, नोकरीही चांगली आहे. कामावरून परतताना बर्फात मागे काठी वाजते. वाटायचं, राखणो आला, आणि बरं वाटायचं.

पण काल खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने विचारलं, तुझ्या मागून रोज ती बाई कोण येते? एवढ्या बर्फात पायात नुसत्या चामड्याच्या चपला, हातात काठी, तोंड कधी दिसत नाही. आत्या, आपला राखणो तर बाप्या ना! नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, पण निघायच्या घाईत चिठी काढायची राहिली गं! एवढ्या लांबून मी काय करू?

घाबरलेली, किशोरी


इन्सुली, २७ जानेवारी

चि. किशोरीस अनेक आशीर्वाद.

वेंगुर्ल्याक जावन इलंय. चिठी होती, अख्खो पावस खावनसुद्धा लालभडक. काढून टाकलंय, तुझ्या वतीन माफी मागलंय, नवीन व्हाणा ठेवलंय. जुन्या व्हाणांचे तळ झिजले नव्हते गो. गेल्या श्रावणात ठेवल्यो तशोच कोऱ्यो, म्हणजे तो खंय फिराकच नाय.

आता त्या म्हातारीक परत इचार. बाप्या येता म्हणाली, तर निर्धास्त ऱ्हव. पण अजून बाईच येता म्हणाली, तर ती आपली न्हय. मागे वळान बघू नको, तशीच हंय आपल्या घराक ये.

वाट बघणारी,
आत्या