ओट्याचं माप

पांढुर्णा, रविवार, २८ डिसेंबर

आज सौसरहून नणंदबाई आल्या आणि यांनी बहिणीपुढे वर्षाचा पाढा वाचला: केरळ फिरलो, मी स्वयंपाक शिकलो, किचन नवं केलं. मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटत होते.

"वहिनी, लग्नातल्यासारख्या पाटावर काऊन उभ्या तुम्ही?"

"ओटा माझ्या मापाचा बांधला न," हे हसले. "तिले सवय झाली आता."

सवय! हे रविवारची एक भाजी करतात. बाकी रोज, दोन्ही वेळा, मी त्या पाटावर. मिस्त्रीनेच मला नंतर सांगितलं, माप कोणाचं घेऊ असं त्याने विचारलं होतं. मी त्या वेळी घरी नव्हते, कॉलेजात तास घेत होते, आणि यांनी स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवला. मी उगाच चिडते आहे का? यांची भाजी चांगली होते, हेही खरं. पण माप देताना मी आठवूच नये?

नणंदबाई गेल्यावर पाट उचलून देवघरात ठेवला.

"रात्रीच्या पोळ्या?" यांनी विचारलं.

"ओटा तुमच्या मापाचा आहे. लाटा."

आत पोळपाट आपटतो आहे. आपटू दे. उद्या मिस्त्रीला बोलावणार, आणि तो येईल तेव्हा मी घरी असेन.