रोल संपवायला काढलेले फोटो

आण्णा, परवा तुमच्या नातीनं पुण्याहून एक काळी पेटी पाठवली. वायफायवरची हार्डडिस्क. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो वायर न लावता तिच्यात जाऊन बसतात, आणि घरात कुठल्याही खोलीतून बघता येतात. दुकानात दिवसभर कॉम्प्युटरवर वाढदिवसाचे फ्लेक्स छापणारा मी, मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. रविवारची अख्खी सकाळ गेली. बाहेरच्या खोलीत ठेवली तर आईच्या खोलीपर्यंत रेंज पोचेना, कपाटावर ठेवली तर पेटी मोबाइलला दिसेचना. शेवटी स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवली तेव्हा कुठं हिरवा दिवा लागला. लेक फोनवरून एकेक पायरी सांगत होती. पेटीत दोन डिस्क आहेत, एकीत जे जातं तेच दुसरीतही उतरतं. "बाबा, एकच प्रत कधी ठेवायची नसते," असं ती मला शिकवत होती.

मग तिनं प्रत्येकाच्या नावाचा कप्पा केला. तुमचाही केला. त्यात एकच फोटो आहे, तुम्ही गेलात तेव्हा मतदार ओळखपत्रावरून मी मोठा केलेला. डोळे अर्धवट मिटलेले, एक कान चौकटीबाहेर गेलेला. रक्षाविसर्जनाला आलेली माणसं त्याच्यासमोर हात जोडायची आणि हळूच म्हणायची, "आण्णांसारखा वाटत न्हाय की ह्यो." चाळीस वर्षं गावाचे फोटो काढलेल्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो घरात नाही. ते असं का झालं, याचं तुम्हाला ठाऊक असलेलं कारण खोटं होतं. ते मी सांगितलेलं होतं. तेवढंच लिहायला आज बसलोय.

स्टुडिओतलं ते निगेटिव्हचं कपाट मला अजून तसंच्या तसं दिसतं. तपकिरी पाकिटं, प्रत्येकावर नंबर, आडनाव, गाव, आणि सगळ्याची नोंद जाड वहीत. कुणीतरी सायकल टेकवून आत येतो, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि दारातूनच सांगतो, "म्हातारं गेलं सकाळी. रक्षाविसर्जनाला फोटू पायजे." तुम्ही म्हणता, "बसा पावणं, च्या घ्या." चहा येईपर्यंत पाकीट तुमच्या हातात असतं. माणूस आजऱ्याचा असो नाहीतर मलकापूरचा, वीस वर्षांपूर्वी लग्नात काढलेला फोटो तुम्ही शोधून काढता, त्यातून म्हाताऱ्याचा चेहरा तेवढा मोठा करून देता. मी एकदा म्हणालो होतो, हा कचरा कशाला सांभाळायचा. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "फोटू त्यंचा हाय. आपण नुस्तं राखणदार." मला तेव्हा ते मोठेपणाचं बोलणं वाटलं होतं. तरुणपणी माणूस किती शहाणा असतो!

आणि आपले घरचे फोटो त्याच पाकिटांत होते. लग्नाचा रोल धुवायला टाकण्याआधी शेवटी एकदोन फोटो उरायचे, ते वाया जाऊ नयेत म्हणून तुम्ही आपल्यावर संपवायचा. ओले केस पुसणारी आई, सायकलच्या कॅरिअरवर बसलेला मी, घरामागच्या परड्यातली म्हैस. एकदा मला स्टुलावर उभं केलंत, कॅमेरा हातात दिलात आणि समोर जाऊन बसलात. "श्वास धर आणि मग दाब," म्हणालात. मी इतका वेळ श्वास धरला की तुम्हाला हसू फुटलं आणि तेव्हाच बटण दाबलं गेलं. तो हसणारा फोटो कुणातरी नवरानवरीच्या पाकिटात शेवटी गेला. आई प्रिंट मागायची आणि तुम्ही म्हणायचा, "आपलं काय, कवाबी काढता येतंय." गिऱ्हाइकाचं काम आधी. आपल्या एकाही फोटोची प्रिंट कधी निघाली नाही.

मग एका वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून तुम्ही मुरगूडला आत्याकडं राहायला गेलात. डिजिटलचं मशीन येणार होतं, मला जागा हवी होती. हुपरीकडचा एक माणूस जुन्या फिल्मा घ्यायचा, चांदी काढायला. त्यानं टेम्पो लावला, पोती भरली. रंगीत फिल्मांत चांदी उरत नाही, त्या त्याला नको होत्या, त्या मी कचऱ्याच्या कोंडाळ्यात टाकल्या. भरताना तो मला म्हणाला होता, "घरचं काय हाय का बघा की यात. मागनं हळहळ नको." वहीत घरच्या फोटोंपुढं तुम्ही बारीक टिंब करत होता, हे मला माहीत होतं. तेवढी पाकिटं वेगळी काढणं दोन दिवसांचं काम होतं. मी म्हणालो, "काय न्हाय, घ्या." विसरलो नव्हतो आण्णा. कंटाळा केला.

महिन्याभरात महापूर आला. पाणी गंगावेशीत आलं, आपल्या दुकानाच्या पायरीला लागलं आणि तिथूनच ओसरलं. गल्ली रिकामी झाली होती, हे माझ्याशिवाय कुणी बघितलं नाही. तुमचे रस्ते बंद. फोन लागला तेव्हा तुमचा पहिला प्रश्न, "कपाट?" मी तोंडाला येईल ते बोलून गेलो. पुरात गेलं म्हणालो. तुम्ही परत आलात, रिकाम्या भिंतीसमोर उभे राहिलात. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. तुम्ही म्हणालात, "कपाट खाली जमिनीला ठिवाय नको हुतं. माझीच चूक."

तेव्हा बोलायचं होतं. नाही बोललो. पुढं सहा वर्षं माणसं येत राहिली आणि तुम्ही उठून हात जोडत राहिलात, "माफ करा पावणं, पुरात गेलं." एका बाईच्या नवऱ्याचा एकमेव फोटो त्या कपाटात होता. ती दारातच खाली बसली. तुम्ही तिला पाणी दिलंत, तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिलात, आणि मी आत कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी गालावरचे डाग पुसत होतो. त्यानंतर तुम्ही दुकानात यायचं कमी केलंत. गुडघे दुखतात म्हणायचा. तुमचा फोटो काढू म्हटलं तरी तेच, "कवाबी काढता येतंय." मला लाज वाटते आण्णा, कारण मला तेव्हा बरं वाटलं होतं.

आज दुपारी आईला तिच्या टॅबवर पेटीतले फोटो दाखवले. पणतवंडाचं बारसं बघून झालं. मग तिनं चष्मा पुसून विचारलं, "ह्यात तुझ्या आण्णांचा त्यो हसतानाचा हाय का रं? तू काढल्याला?" तिला तो फोटो आठवतो, न बघितलेला.

मी म्हणालो, "पुरात गेला की गं."

"व्हय," ती म्हणाली. "नदीला काय बोलायचं."

आण्णा, तुमची माफी मागायला हे लिहायला घेतलं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुमच्यापर्यंत काही पोचणार नाही. सांगायचं आईला आहे. ती शेजारच्या खोलीत जागी आहे, दार उघडं आहे, आणि मी इथं बसून तुम्हाला लिहितोय.