मागची दोन चाकं

थेरगाव,
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

चि. तनुजा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. सर्व म्हणजे मी, गॅलरीतली तुळस आणि टेबलावरची आपली गाडी. तिघांनीही यंदाची थंडी बरी सोसली. तुझं चाकणला जाणं-येणं कसं चाललं आहे? मोशीच्या चौकात अजून तशीच अडकून पडतेस का? डबा वेळेवर खात जा. कंपनीतल्या गाड्या तपासायला दुसरे असतील, तुझं पोट तपासायला कुणी येत नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी जरा डोळा लागला आणि मला लहानपणीचा एक आवाज ऐकू आला. चर्रर्र... मी पाटी-दप्तराच्या वयाचा असेन. आमच्या गावी ओढ्याकाठी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे. गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईपर्यंत तापवायची, माणसांनी चिमट्यांत धरून लाकडी चाकावर टाकायची, घणाचे ठोके द्यायचे आणि मग घागरीनं पाणी. चर्रर्र! पांढऱ्या वाफेत चाक दिसेनासं व्हायचं. मी कविता घोकत शाळेतून यायचो आणि त्या आवाजापाशी पुढचं कडवं विसरायचो. दुसऱ्या दिवशी छडी. पण वाफेतून ते चाक पुन्हा दिसू लागे, त्या क्षणासाठी छडी परवडायची.

तू म्हणशील, बाबा भरकटले. थांब जरा. त्या आवाजाचं काम आहे. आधी चाकांचं सांगतो.

तू मोशीला राहायला गेलीस तेव्हा गाडीला पुढची दोनच चाकं होती. मागचा भाग टेकवायला तू काड्यापेटी ठेवली होतीस, ती मी बरेच दिवस हलवली नाही. शिवणीच्या लाकडातून तू कोरलेली ती लांबुडकी रेसगाडी, खरीच्या चोविसाव्या हिश्श्याची. तिला पॉलिशपेपर घासून घासून माझ्या बोटांचे ठसे गेले असतील. तिला अशी गुडघे टेकून बसलेली पाहवेना. म्हणून ठरवलं, मागची चाकं आपण शोधायची.

आता मी मराठीचा मास्तर. माझी समजूत अशी की चाकं चारी सारखी, श्लोकाच्या चरणांसारखी. तू सांगितलं होतंस ते नंतर आठवलं, की जुन्या रेसगाड्यांची मागची चाकं मोठी आणि रुंद. मी वाद घातला होता, तेव्हा म्हणाली होतीस, "बाबा, ही ओवी आहे असं समजा. सगळे चरण सारखे नसतात." मास्तरालाच शिकवलंस. डांगे चौकातली खेळण्यांची दुकानं पालथी घातली. मिळाली ती ट्रकची चाकं, नाहीतर चिखलात जाणाऱ्या जीपची. गाडीला लावून पाहिली तर लग्नातल्या नवऱ्यानं गमबूट घालावेत तशी दिसली.

शेवटी माझा जुना विद्यार्थी रविराज, त्याचं भोसरीला लेथ आहे, त्यानं ॲल्युमिनियमची चाकं कातून दिली. पहिली जोडी वाया गेली. चूक माझीच. मी फोटोत चाकाची बाहेरची कड मोजून माप दिलं होतं. तू म्हणायचीस ना, "बाबा, चाक मोजायचं ते टायर बसतो तिथं. दिसतं तिथं नाही, कड फसवते." दुसरी जोडी तुझ्या म्हणण्याप्रमाणे केली. रविराज म्हणाला, "सर, वर्गात तुम्ही मला एका वेलांटीसाठी उभं करायचात, त्याचं सगळं आज वसूल केलंत."

मग राहिला टायर. भोसरीतच एक दुकान आहे, पंपांना आणि मशीनला लागणाऱ्या रबरी कड्या विकणाऱ्याचं. ओ-रिंग म्हणतात त्यांना. मालक दादासाहेब.

"कुठल्या पंपाला हवी, काका?"

"पंपाला नको. गाडीला."

"कुठल्या कंपनीची गाडी?"

मी शबनममधून गाडी काढून काउंटरवर ठेवली. दोन गिऱ्हाइकं होती, तीही वाकून बघायला लागली. दादासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आयला, एक नंबर! पळती का हो?"

"पळायची नाही. नीट उभी राहिली तरी पुष्कळ."

"नातवाची का?"

"सुनेची," मी म्हणालो.

बोलून गेलो. तोंडाला सवय असते. दुरुस्त करावं म्हणून तोंड उघडलं, पण काय दुरुस्ती करायची ते सुचेना. दादासाहेब म्हणाले, "मग सूनबाईंना सांगा, कलर लई झकास बसलाय." मी 'सांगतो' म्हणालो. तेव्हा सांगतो आहे. कलर झकास बसला आहे.

घरी येऊन पाहतो तर कडी चाकावर फिरते आहे, हडकुळ्या हातातल्या बांगडीसारखी. माप अगदी बरोबर, चाकाइतकंच, तरी बसेना. चिकटवून पाहिली तर वाकडी. रागानं आडवा झालो, आणि तेव्हाच डोळा लागला, आणि तो आवाज. चर्रर्र! उठून बसलो. अगं, धाव चाकाइतकी करतच नसत! जराशी लहान करत. तापली की मोठी व्हायची, म्हणून चाकावर चढायची, आणि पाणी पडलं की आवळायची. मग खडक येवोत की ओढा, सुटायची नाही. दुसऱ्या दिवशी दादासाहेबांकडून एक माप कमीची कडी आणली, गरम पाण्यात टाकली, चढवली. बसली! आपल्या आनंदाला चाल लागते, तुला ठाऊकच आहे. दोन ओळी झाल्या:

चाक म्हणे धावेला, घट्ट धर गं मला,
वाट आहे खडकाळ, गाव लांब राहिला.

हसलीस ना? हसायचीसच. "बाबा, तुमच्या कवितेला ब्रेक नाहीत," असं म्हणायचीस. तरी पुढची ओळ तूच मागायचीस.

एका चाकाला टायर बसवला. दुसरं चाक हातात घेऊन बराच वेळ बसलो आणि तसंच वाटीत ठेवलं. का, ते लिहीन की नाही, ठाऊक नाही. चहा करून येतो.

*

चहा झाला. लिहितो.

परवा रविवारी शार्दूल आला होता. या पत्रात त्याचं नाव आणायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. पण माझा मुलगा आहे, किती वळणं घेऊन त्याला टाळणार? वाकडहून येताना माझी औषधं घेऊन आला. टेबलाकडे नजर गेली.

"बाबा, ही अजून इथंच?"

"एक टायर राहिलाय."

"कुरियर करून टाका ना. मी बॉक्स आणून देतो."

"अरे लाकूड आहे. कुठं आपटलं, दबलं तर..."

"बाबा." मग तो समोर बसला. "एप्रिलमध्ये माझं लग्न आहे. मुलीकडची माणसं घरी येणार. ही कुणाची विचारलं तर मी काय सांगू? तुम्ही काय सांगाल?"

मी चाकाची वाटी जवळ ओढून घेतली. जाताना मात्र गाडीच्या टपावरची धूळ त्यानं बोटानं पुसली. तो वाईट नाही, तनुजा. तूही नाहीस. तुमचं का जमलं नाही, हे मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. एप्रिलचं तुला कळलं असेलच. नसेल तर माझ्याकडून कळायला नको होतं. पण लिहून झालं, आता खोडत नाही.

हे पत्र सुरू करताना पहिल्या ओळीतच अडलो होतो. पूर्वी तुला 'चि. सौ.' लिहायचो. त्यातलं एक कोर्टानं काढून घेतलं. 'चि.' राहिलं, ते माझं मी ठेवलं आहे.

एक गंमत बघ. घटस्फोटाच्या कागदावर सासऱ्यानं सही करायला जागाच नसते. नवरा-बायकोनं करायची, वकिलानं करायची. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. पण मग मी कुठून सुटलो, कधी सुटलो, ते मला कळलेलंच नाही. माझी चारुलता गेल्यावर या घरात बोलणं बंद झालं होतं. शार्दूल लॅपटॉपात, मी जुन्या क्रमिक पुस्तकांत. सेकंड शिफ्ट नसली की संध्याकाळी तू लाकूड आणि पटाशी घेऊन समोर बसायचीस. "बाबा, म्हणा काहीतरी, हात चालतो." मी म्हणायचो आणि तुझा हात चालायचा. त्या दिवसांत मी पुन्हा माणसांत आलो.

फोन करायला हात जातो. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर तुझी आई म्हणाली होती, "आता पोरीच्या वाटंला जाऊ नका कुणी." माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. बघितलंच नाही त्यांनी. पण त्या 'कुणी'त मी येतोच. आईचा शब्द आहे. लेक होरपळलेली पाहून निघालेला. तो मोडून मला तुझ्याशी बोलायचं नाही. म्हणून हे पत्र आधी तुझ्या आईच्या, कुशाबाईंच्या हाती दे. त्या 'नको' म्हणाल्या तर उत्तर पाठवू नकोस. मला समजेल.

विचारायचं आहे ते एवढंच. दुसऱ्या चाकाला टायर बसला की गाडी पूर्ण होणार, आणि पूर्ण झालेली गाडी जिची तिला द्यावी लागते. मग माझ्या टेबलावर काही उरत नाही आणि तुला पत्र लिहायला निमित्तही. तर सांग. शार्दूल म्हणतो तशी बॉक्समध्ये घालून धाडून देऊ? की कधी रविवारी येशील, आणि हा शेवटचा टायर आपण दोघं मिळून बसवू? पुढं दुसरी गाडी करायला घेऊ, असं म्हणायचा मला हक्क नाही. मनात मात्र आहे.

बेल वाजली. या वेळेला माझ्याकडे कुणी येत नाही. जरा थांब हं.

*

दाराच्या भिंगातून पाहून आलो. उघडलं नाही अजून. तनुजा, तुझी आई आहे. एकट्याच. कठड्याला धरून उभ्या, काखेत पिशवी, पदरानं घाम टिपताहेत. मी भिंगाला डोळा लावूनच होतो, तेवढ्यात बाहेरून आवाज आला,

"इवाई! ओ इवाई, दार उघडा की! लिफ्ट बंद हाय तुमची, जिना चढून गुडघं गेलं माझं. आन आधीच सांगते, तनूला ठावं न्हाई मी आली हाय ते. लगीन त्या दोघांचं मोडलं. पोरगी तुमचं नाव काढून गप बसती, त्याचं मी काय करू?"

इवाई म्हणाल्या गं. व्याह्याला तुमच्या घरी मारतात ती हाक, साऱ्या जिन्यानं ऐकली.

त्यांना ताटकळत ठेवून मी खुळा इथं तुला लिहीत बसलो आहे. पुन्हा बेल वाजते आहे. जातो, दार उघडतो.

तुझे
बाबा