घोट्यावरचा डाग

ती. ताईस,

या वेळी वाकवत नाही, म्हणून बसल्या जागेवरूनच नमस्कार.

तू पाठवलेले सुती मोजे आणि जुन्या चादरीच्या पट्ट्या पोचल्या. टपालखर्च मोज्यांहून जास्त झाला, ते असो.

मागच्या पत्रात एकदाची कळवली ती घोट्याची जखम पाच महिने भरेना. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, पायातलं रक्त शिरांतून नीट वर चढत नाही, खाली साचतं, म्हणून कातडी फुटते. त्यांनी आधी पावलाचा रक्तप्रवाह तपासला, मग गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधली. आठवडाभर सोडायची नाही म्हणाल्या. मी मात्र रोज आंघोळीला सोडायची. पारोशा पायाने देवापुढे कशी बसू? परत बांधायची ती आपली ढिली.

बाईंनी ओळखलंच. "काकू, देव काय तुमचा घोटा तपासतो? माझ्या पट्टीला हात लावायचा नाही!" हसू आलं, पण या दुखण्याने थकले गं.

आता पायाला पिशवी बांधून आंघोळ करते आणि देवाला म्हणते, सांभाळून घे. लिंबाएवढी जखम शेंगदाण्याएवढी झाली आहे.

मागे तू लिहिलं होतंस, घोट्यावर तपकिरी डाग पडलाय, खाजतो, संध्याकाळी पाय सुजतो. माझंही असंच सुरू झालं होतं आणि मी तेल चोळत बसले. तू अंगावर काढू नकोस. माझं वाचून घरीच घट्ट बांधूही नकोस. तपासल्याशिवाय बांधलं तर पायावर बेततं म्हणे. डॉक्टरांना दाखव आणि ते काय म्हणाले ते उलट टपाली कळव.

नुसतं "मी बरी आहे" लिहू नकोस. मीही पाच महिने तुला तेच लिहीत होते.

तुझी धाकटी