पांगाऱ्याची फळी

आबा, फळी पाण्यात चालली का, असे तुम्ही मला एका रविवारी विचारले होते आणि मी तुम्हाला खोटे उत्तर दिले होते. फळी चालली होती. या पत्रात नवे विधान एवढेच आहे. बाकी जे लिहितो आहे तो त्याचा पुरावा आहे. तो तुमच्यापुढे मांडायला मला वीस वर्षे उशीर झाला आहे, हेही सुरुवातीलाच मान्य करतो.

प्रकरण कसे सुरू झाले ते तुम्हाला ठाऊक होते, तरी क्रमाने सांगतो. दोन हजार साल उलटून चारपाच वर्षे झाली होती. मी दौंडच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो, चाळिशी ओलांडली होती, आणि कुरकुंभच्या एका कारखान्यातील एक इंजिनिअर माझ्या शेजारी राहायला आला होता. तो समुद्रकाठचा माणूस. दौंडच्या खाली भीमेला धरणाच्या फुगवट्याचे पाणी पसरते, तिथे तो सुट्टीच्या दिवशी एक विलक्षण खेळ खेळत असे. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग आणि पायांखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून घसरत जातो. मला त्यातली भूमिती आवडली. त्याने मला काठावर उभे करून पतंग सांभाळायला शिकवले, आणि त्याची बदली झाली तेव्हा जुना पतंग मला देऊन टाकला. फळी मात्र तो घेऊन गेला. “फळी तुमची तुम्ही निवडा,” तो म्हणाला होता, “आणि एक लक्षात ठेवा, इथला वारा हलका आहे.” हे दुसरे वाक्य मी लक्षात ठेवले नाही.

मांडवगणला घरी आलो तेव्हा तुम्ही मेटावर, लिंबाखालच्या तुमच्या सुतारकामाच्या जागी, बसलेले होता. हात थरथरू लागल्यापासून तुम्ही काम सोडले होते, पण जागा सोडली नव्हती. गावातली चारपाच माणसे नेहमीप्रमाणे गप्पांना जमली होती. मी इंजिनिअरने दिलेले मासिक उघडून तुम्हाला चित्रे दाखवली. एकूण एक निष्णात खेळाडू, आणि प्रत्येकाच्या पायांखाली आखूड, निमुळती, टोके वर वळलेली फळी. मी म्हणालो की मी अशीच मागवणार आहे. तुम्ही चित्र डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, मग विचारले, “ह्ये वारं कुठलं?” मी म्हणालो, “परदेशातले. समुद्रावरचे.” तुम्ही मान हलवली. “आपल्याकडं माघात-फाल्गुनात वारं किती आसतंय? चिंचेचं पान हालतंय तेवढं. वढ कमी, म्हंजी फळी रुंद पायजे. आन् टोकं एवढी वर कशाला? पाणी ढकलत बसंल. सपाट ठिव. साडेतीन हात लांब, हातभर रुंद. ढेकळं फोडायला बैलामागं फळी आसती, तिच्यावर मानूस उभा ऱ्हातो का न्हाई? तसंच हाय ह्ये.”

आता त्या क्षणी मी जे केले ते मी व्यवसायाने करत होतो. समोरच्याच्या उदाहरणातली फट शोधून मी तिथे बोट घातले. मी विचारले, “बैल अशक्त असला तर शेतातली फळी तुम्ही मोठी देता की लहान?” तुम्ही म्हणालात, “ल्हान.” “मग वारा अशक्त असताना पाण्यातली फळी मोठी कशी? तुमच्याच उदाहरणाने लहान फळी सिद्ध होते.” माणसे हसली. तुम्ही बोटाने मातीवर एक रेघ ओढलीत आणि म्हणालात, “मातीत फळी रुतवायची आसती. पाण्यात रुतू द्यायची नसती.” हे उत्तर अचूक होते. आज मी ते फळ्यावर लिहून त्याखाली रेघ ओढली असती. त्या दिवशी मी म्हणालो, “हे वेगळे विधान झाले, आबा. आधी पहिले मागे घ्या.” एका म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली, “आरं तिच्या! पोरानं बापाला कोर्टात हुबा केला की!” पुन्हा हशा. तुम्हीही हसलात, थोडे उशिरा. “तुझंच खरं,” म्हणालात आणि मासिक मिटून माझ्या हातात दिलेत.

माझ्या अनुमानात जो दोष होता तो मी दरवर्षी पहिल्या सत्रात मुलांना शिकवत असे: निष्णात माणसाजवळ जे दिसते ते त्याच्या कौशल्याचे कारण मानणे. त्यांना खेळता येत होते म्हणून आखूड फळी त्यांच्या पायांखाली होती. ती पायांखाली आल्याने कोणाला खेळता येणार नव्हते. मी मुंबईहून तशीच फळी मागवली आणि पुढचे दोन महिने सुट्टीच्या प्रत्येक दिवशी पाणी प्यालो. पतंग उभा धरून सोडायला काठावर एक माणूस लागतो. मासेमारी करणारे एक मामा ते काम हौसेने करत. मी पाण्यात बसतो, पतंग वरखाली झुलवून ओढ काढतो, अंग उचलले जाते, फळी पायांखाली बुडते, मी तोंडावर आपटतो आणि पतंग पाण्यावर पसरतो. मामा होडी वल्हवत येऊन दोऱ्या सोडवायला लागतात. “सर, आज बी पानी प्यायचाच बेत हाय व्हय? मग घरला पितळी तांब्या न्हाई का?” मी वाऱ्याला दोष देई, पतंगाला देई. फळीवर मात्र मी कधीच संशय घेतला नाही.

तेवढ्यात तुमचा निरोप आला की येऊन जा. आलो तर लिंबाला टेकवून ती उभी होती. साडेतीन हात लांब, हातभर रुंद, जवळजवळ सपाट. आपल्याकडे पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधतात, तेच हलके लाकूड तुम्ही घेतले होते. कडेने बाभळीची पट्टी बसवली होती, पाय अडकवायला टायरच्या रबराचे पट्टे होते आणि वार्निशचे इतके हात दिले होते की तिच्यात लिंबाची पाने दिसत होती. एका कडेला रंधा घसरल्याची बारीक खूण होती. थरथरणाऱ्या हातांनी किती दिवस लागले असतील, हे मी विचारले नाही. आई म्हणाली, “दीड म्हैना जेवायला दोनदा हाका माराया लागायच्या.” तुम्ही फक्त म्हणालात, “घाल पाण्यात. न्हाई चालली तर सांग. सरळ सांग.” एसटीच्या टपावर ती चढवताना कंडक्टरने विचारले होते, “काय वो सर, कुणाच्या घराचं दार काढून निघालात?” मी हसून वेळ मारून नेली. आमच्या वडिलांनी केली आहे, असे म्हणालो नाही.

पुढच्या सुट्टीला पाण्यावर गेलो. वारा नेहमीचाच होता, हलका. पाण्याला बारीक सुरकुत्या पडत होत्या, लाट नव्हती. मामांनी पतंग सोडला. मी पाय पट्ट्यांत घातले, पतंग खाली झुलवला आणि बुडण्याची वाट पाहिली. सवयच झाली होती. फळी बुडाली नाही. ती किंचित दबली, मग पाण्याच्या पाठीवर आली, आणि मी उभा आहे. सावकाश, एखाद्या बैलगाडीच्या वेगाने, मी उभ्याने भीमेच्या पाण्यावरून चाललो आहे. काठ मागे सरकतो आहे, पायांखाली फळीच्या बुडाची सळसळ ऐकू येते आहे. मामा होडीत उभे राहून ओरडत आहेत, “आवो सर, उभं ऱ्हायलात की! आवो, उभं ऱ्हायलात!” त्या दिवशी मी पाच वेळा उठलो आणि पाचही वेळा दूरवर गेलो. मग पडताळा म्हणून त्याच वाऱ्यात आखूड फळी घेतली आणि लगेच बुडालो. याहून स्वच्छ प्रयोग मी आयुष्यात केलेला नाही. निघताना मामा फळीवरून हात फिरवत म्हणाले, “कुणी केली? त्यास्नी म्हणावं, हात मोठा हाय तुमचा.” हा निरोप तुमच्यासाठी होता. तोही मी पोचवला नाही.

रविवारी मांडवगणला आलो. चहा होईपर्यंत तुम्ही थांबलात. मेटावर तीच माणसे होती. “घातली का पाण्यात?” “घातली.” “मग?” मी त्या माणसांकडे पाहिले आणि म्हणालो, “वारा नव्हता.” तुम्ही पुढे झुकलात. “आजाबात?” “पुरेसा नव्हता.” शब्द कसा जपून निवडला होता पाहा, आबा. “पर फळी दबली का वर आली? तेवढं तरी कळलंच आसंल.” मी म्हणालो, “एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.” चार माणसांपुढे ‘तुमचं बरोबर होतं’ हे तीन शब्द उच्चारायचे होते. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत, कारण त्यांच्या मागोमाग ‘माझं चुकलं होतं’ हेही आले असते. तुम्ही मातीवर वितीने फळीची रुंदी मोजलीत. मग म्हणालात, “म्हंजी माझंच कुठंतरी चुकलं. घिऊन ये. आजून दोन बोटं वाढवू.”

आणि मी ती आणली. इथे थांबता आले असते, पण थांबलो नाही, हा या प्रकरणातला दुसरा आणि मोठा अपराध आहे. उत्तर टाळणे भित्रेपणाचे होते. निर्दोष वस्तू दुरुस्तीला नेऊन देणे हा त्याच्या पुढचा प्रकार होता. चैत्राच्या उन्हात तुम्ही दोन्ही कडांच्या बाभळीच्या पट्ट्या काढल्यात, नव्या फळ्या जोडल्यात, सरस लावून दोरीने आवळल्यात. जोड नीट बसेना. पूर्वी तुम्ही केलेल्या जोडात नख जात नसे. मी समोर खुर्चीवर बसून उत्तरपत्रिका तपासत होतो. एकदा तुम्ही मान वर न करता विचारलेत, “नक्की वारंच नव्हतं ना रं?” मी म्हणालो, “हो.” प्रश्न किती सरळ होता आणि दार किती उघडे होते, हे मला तेव्हाही कळत होते. फळी जड झाली, जोडांतून पाणी प्यायली आणि ज्येष्ठात फुगून उकलली. आषाढात तुम्ही गेलात. आजार आठ दिवसांचा होता. त्या आठ दिवसांत मी रोज तुमच्याजवळ होतो.

पुढच्या वर्षी इंजिनिअरचा फोन आला. कोणती फळी निवडलीत, त्याने विचारले. मी म्हणालो, “हलक्या वाऱ्यात शिकायचे तर रुंद, लांब आणि सपाट हवी, असा विचार केला.” तो म्हणाला, “उत्तम निवड, सर.” विचार कोणी केला, ते वाक्यात नव्हते. असे वाक्य कसे रचतात, हे मला चांगले येते.

हे पत्र टपालात पडणार नाही हे उघड आहे, पण ते वाया जाण्याचे कारण नाही. ऐकायला आई आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, कान शाबूत, स्मरण माझ्यापेक्षा बरे. सगळे तिला सांगितले तर तुमची बाजू निदान एका जिवंत माणसापाशी दुरुस्त होईल, म्हणून गेल्या आठवड्यात मुद्दाम गेलो होतो. ती शेंगा फोडत बसली होती. बोलता बोलता तुमचे काम निघाले, कोणाकोणाच्या घरी अजून तुमची दारे आहेत ते निघाले, आणि ती म्हणाली, “सगळं चांगलं केलं त्यांनी. तुझी तेवढी पाण्याची फळी त्यास्नी जमली न्हाई बघ. लई लागलं होतं मनाला.” मी तिच्या पुढ्यातल्या चार शेंगा उचलल्या, फोडल्या, आणि म्हणालो, “होतं असं कधी कधी, आई.”