नातीचे दोनशे वीस ग्रॅम

३ नोव्हेंबर
पल्लवीला मुलगी झाली. आजोबा झालो! वजन बरोब्बर तीन किलो. जावयाच्या वडिलांना, देवमनरावांना लगेच फोन लावला. म्हटलं, आमच्याकडं बाळंतपण आहे, नामकरणापर्यंत एक ग्रॅम घटणार नाही.

६ नोव्हेंबर
दवाखान्यातून सुट्टी. वजन दोन किलो सातशे ऐंशी! दोनशे वीस ग्रॅम गेले कुठं? सुकेशनी सिस्टर म्हणे, काका, पयल्या दिवसांत बाळाच्या अंगातलं पानी कमी होते, काळी शी होऊन जाते. अंगावर पाजत राहा, दहा-बारा दिवसांत भरून निघते.
मला शिकवते! बावीस वर्षं रिसोडात शेतकऱ्यांचं सोयाबीन मोजून घेतोय. ओलाव्याच्या नावाखाली वजन मी कापतो, आणि तोच डाव माझ्यावर? हिनं काटा मारला. सोडणार नाही.

७ नोव्हेंबर, सकाळी ९
दुकानातला काटा घरी आणला, धुतला, फडकं टाकून नातीला ठेवलं. फक्त अडीच किलो! दोन काटे जुळत नाहीत, म्हणजे सिस्टरचंच मशीन खोटं. पुरावा मिळाला. आनंद झाला.

८ नोव्हेंबर
पल्लवी जेवत नाही. माझंच दूध कमी पडून राह्यलं म्हणते, रडते. बायको म्हणाली, तुमाले काटा दिसते, पोरीचे डोये नाही दिसत. बायकांना मापातलं कळत नाही.
देवमनरावांचे तीन फोन. उचलले नाहीत.

१० नोव्हेंबर
वाशीमला जाऊन वजनमापवाल्यांकडं तक्रार दिली. पुरावा म्हणून माझ्या काट्याचा नंबरही टाकला. डोकं लागतं. सिस्टरची गडचिरोलीला बदली नाही झाली तर नावाचा शेषराव नाही.

१३ नोव्हेंबर
वजनमापाचे साहेब आले. सिस्टरचं मशीन चोख निघालं. (सेटिंग असणार.) मग दुकानात येऊन म्हणाले, तुमचा काटा दाखवा. पाच किलोचं माप ठेवलं. चार किलो सातशे. काट्याला सील.
दुकानासमोर दहा-बारा शेतकरी जमले होते. फुलसिंग म्हणाला, शेषरावभाऊ, मापातला ओलावा उडाला असन.

१४ नोव्हेंबर
नात दवाखान्यात तीन किलो वीस भरली. बायकोनंच देवमनरावांना कळवलं. पल्लवी दोन भाकरी जेवली. सिस्टरचा हिशोब बाकी आहे, पण तूर्त घराबाहेर पडत नाही.
संध्याकाळी नातीला मांडीवर मागितलं. पल्लवी म्हणाली, घ्या बाबा, पण वजन सांगू नोका.