भाकरीच्या तव्यावर मिश्री

२४/११/९८

अहो,

मी रंकाळ्याला गेलेय. आज एक न्हाय, दोन फेऱ्या मारणार हाय, कारण डोकं फिरलंय. चहा तुमचा तुम्ही करून घ्या. भाकरी व्हायच्या न्हाईत. भाकरीच्या तव्यावर तंबाखू भाजून मिश्री केलीसा तुम्ही! राखेनं तीनदा घासला, तरी वास जाईना.

पहाटे बघते तर मागच्या दाराच्या पायरीवर डबी काठोकाठ भरलेली. पस्तीस वर्षं उठल्या उठल्या त्याच पायरीवर मिश्री लावत बसायची मी. गालातला पांढरा डाग बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिश्री सोडायची तर आधी ती पायरी सोडा." म्हणून नुसती चूळ भरून फिरायला जाते, आल्यावर आंघोळ, मग चहा. तेवीस दिवस झाले की!

काल जेवताना तुम्ही अक्षताला म्हणालासा, "तुझी आई लई चिडाय लागलीया, त्यापरीस मिश्री बरी." मला वाटलं, चेष्टा चाललीया. पोरीसमोर बोललासा ते बोललासा, वर भाजून पण ठेवलीसा?

मिश्री मोरीत ओतलीया. तवा आता तुम्ही घासायचा. वास गेल्याबिगर चुलीवर चढवणार न्हाय.

व्हय, चिडते मी. पण तेवीस दिवसांत एकदा तरी "अगं, लई जड जातंय का?" म्हणून विचारलं असतं, तर तुमचं तोंड दुखलं असतं का?